भारतात सीओपीडीचे प्रमाण नेमके किती वाढले? '५ कोटी ५३ लाख' या आकड्याविषयी

मोजमाप (धागालेखक)

भारतातील सीओपीडीवर, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होऊन धाप लागण्याच्या दीर्घकालीन आजारावर, लिहिलेल्या जवळजवळ प्रत्येक लेखात एक आकडा हमखास भेटतो. १९९० मध्ये देशात या आजाराचे २ कोटी ८१ लाख रुग्ण होते आणि २०१६ मध्ये ते ५ कोटी ५३ लाख झाले. सर्व राज्यांतील दीर्घकालीन श्वसनविकारांचा आढावा घेणारा जो अभ्यास २०१८ साली 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये प्रसिद्ध झाला, त्यातला हा आकडा आहे. त्या अभ्यासाबद्दल मला आदर आहे. परंतु 'सव्वीस वर्षांत रुग्ण दुप्पट झाले' या एका वाक्यावरून पुढे जे निष्कर्ष बेधडक काढले जातात, ते वाचून मला राहवले नाही, म्हणून हा धागा काढत आहे.

आरोग्यविषयक आकडेवारी तपासणे हेच माझे काम होते. पण या आजाराशी माझे नाते तेवढ्यापुरते नाही. माझ्या आईने पस्तीस वर्षे चुलीवर स्वयंपाक केला आणि विडी-सिगारेटला आयुष्यात कधी हात लावला नाही. साठीनंतर तिला जिना चढताना धाप लागू लागली, सकाळी उठल्यावर अर्धा तास खोकून कफ पडल्याशिवाय तिला बरे वाटत नसे. घरातल्या सर्वांनी आणि तिला तपासणाऱ्या दोन डॉक्टरांनीही त्याला 'दमा' म्हटले. फुंकण्याची तपासणी, म्हणजे स्पायरोमेट्री, झाली ती वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, आणि त्या कागदावर प्रथमच सीओपीडी हा शब्द उमटला. त्याआधीच्या दहा-अकरा वर्षांत ती कोणत्याही दवाखान्याच्या नोंदीत सीओपीडीची रुग्ण नव्हती, पण आजार तर तिच्या छातीत होताच. मग १९९० ते २०१६ या काळातल्या आकड्यांत अशी माणसे कुठे आहेत आणि कोणी मोजली, हा प्रश्न मला तेव्हापासून पडलेला आहे.

आधी साधा हिशेब करू. १९९० मधील रुग्णांचे प्रमाण एकूण लोकसंख्येच्या ३.३ टक्के होते आणि २०१६ मध्ये ४.२ टक्के. प्रमाण अजिबात वाढले नसते, ते ३.३ टक्क्यांवरच राहिले असते, तरी २०१६ च्या सुमारे १३१ कोटी लोकसंख्येत रुग्ण ४ कोटी ३० लाखांच्या आसपास असतेच. म्हणजे वाढलेल्या २ कोटी ७२ लाख रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक, ढोबळमानाने दीड कोटी, हे केवळ माणसे वाढली म्हणून वाढलेले आहेत. उरलेल्या सव्वा कोटीत दोन गोष्टींची सरमिसळ आहे. लोकसंख्येत वयस्कर माणसांचा वाटा वाढला, ही एक. त्याच वयाच्या माणसाला हा आजार होण्याचा धोका बदलला असेल, तर ती दुसरी. 'दुप्पट झाले' असे म्हणणाऱ्याला बहुधा ही दुसरी गोष्टच सांगायची असते, आणि नेमकी तीच या आकड्यातून सरळ वाचता येत नाही.

या विषयातील जाणकारांनी येथे अवश्य लिहावे, आणि माझे काही चुकत असेल तर ते दाखवून द्यावे.

श्वासपथ

मी छातीविकारांचा डॉक्टर आहे. आपण विषय योग्य ठिकाणाहून सुरू केला आहे, पण त्याच्याही आधीचा एक प्रश्न आहे, तो असा की कोणाला रुग्ण म्हणायचे.

सीओपीडीत श्वासनलिका कायमच्या अरुंद होतात, वायुकोशांच्या भिंती झिजतात, आणि आत घेतलेली हवा बाहेर टाकायला वेळ लागतो. दम्यातही नळ्या आकुंचन पावतात, पण औषधाने त्या पुष्कळ अंशी मोकळ्या होतात, येथे तशा होत नाहीत. म्हणूनच तपासणीची पद्धत ठरलेली आहे. नाकाला चिमटा लावून रुग्णाला छाती भरून श्वास घ्यायला सांगतात आणि मग तो एका दमात, पूर्ण जोर लावून, निदान सहा सेकंद फुंकायला लावतात. त्यानंतर सालब्युटामॉल या श्वासनलिका मोकळ्या करणाऱ्या औषधाचे चार झोत पंपाने देऊन सुमारे पंधरा मिनिटे बसवतात आणि पुन्हा फुंकायला सांगतात. औषधानंतरही पहिल्या सेकंदात बाहेर पडलेली हवा एकूण फुंकलेल्या हवेच्या ७० टक्क्यांहून कमी भरली, तर अडथळा कायमचा आहे असे मानतात. ही व्याख्या 'गोल्ड' या आंतरराष्ट्रीय उपक्रमाच्या २००१ मधील पहिल्या अहवालापासून जगभर रूढ झाली.

कागदावर हे सोपे दिसते. प्रत्यक्षात सत्तरीच्या आजींना तीन वेळा नीट फुंकायला लावणे हे तंत्रज्ञाच्या चिकाटीचे काम असते. तोंडातली नळी ओठांतून निसटते, दुसऱ्याच सेकंदाला खोकला येतो, काही जण गालात हवा धरून ठेवतात. 'अजून, अजून, अजून, सोडू नका' असे तंत्रज्ञ ओरडत राहतो तेव्हा कुठे एक वापरण्याजोगा आलेख मिळतो. एका गावात दोनशे माणसांची अशी तपासणी करायची म्हटले, तर किती दिवस आणि किती प्रशिक्षित माणसे लागतील याचा विचार करावा. देशपातळीवरच्या मोजणीत स्पायरोमेट्रीऐवजी प्रश्नावली का वापरली गेली, याचे उत्तर त्यातच आहे.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाठबळाने झालेला 'इनसर्च' हा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. बारा केंद्रांवर १ लाख ६९ हजारांहून अधिक प्रौढांना प्रश्न विचारले गेले. त्यात पस्तिशीपुढील व्यक्तींत जुनाट श्वासनलिकादाहाचे प्रमाण ३.४९ टक्के आढळले, आणि केंद्राकेंद्रांत ते मुंबईतील १.१ टक्क्यापासून थिरुवनंतपुरममधील १० टक्क्यांपर्यंत होते. काम मोठे आहे आणि मोलाचेही आहे. परंतु येथे मोजले गेले ते 'दोन वर्षे, वर्षातून तीन महिने खोकला आणि कफ' या स्वरूपाचे लक्षण, श्वासनलिकेतील अडथळा नव्हे. कफ असलेल्या प्रत्येकाला सीओपीडी नसतो, आणि सीओपीडी असलेल्या पुष्कळांना कफ नसतो, त्यांना फक्त धाप लागते. त्यामुळे या आकड्याशेजारी स्पायरोमेट्रीवर बेतलेला दुसरा आकडा ठेवून 'प्रमाण वाढले' असे म्हणणे ही शुद्ध गल्लत आहे. 'बोल्ड' या आंतरराष्ट्रीय अभ्यासात मुंबई, पुणे, म्हैसूर आणि श्रीनगर येथे प्रत्यक्ष स्पायरोमेट्री झाली, पण ती त्या त्या ठिकाणापुरती होती.

निरभ्र

दोन्ही प्रतिसाद वाचले आणि मनात एक अस्वस्थता उरली, ती स्पष्टपणे मांडतो. ज्या देशात हिवाळ्यात शहरेच्या शहरे धुराच्या पडद्याआड जातात, तेथे फुप्फुसाचा आजार वाढला हे सांगायला इतका कीस काढण्याची गरज आहे का? त्याच २०१८ च्या अभ्यासात सीओपीडीमुळे होणाऱ्या आरोग्यहानीपैकी (म्हणजे आजारपणामुळे आणि अकाली मृत्यूमुळे गमावलेल्या निरोगी वर्षांपैकी) ५३.७ टक्के हानी वायुप्रदूषणामुळे, २५.४ टक्के तंबाखूमुळे आणि १६.५ टक्के कामाच्या ठिकाणच्या धूळ-धुरामुळे होते असे म्हटले आहे. 'माणसे वाढली, माणसे म्हातारी झाली' असे आपण म्हणू लागलो, की ज्यांनी हवा स्वच्छ ठेवायची त्यांना हात झटकायला आयते कारण मिळते. माझी भीती एवढीच आहे.

मोजमाप (धागालेखक)

आपली भीती रास्त आहे, आणि मी ती बाजूला सारत नाही. पण वय विचारात घेणे म्हणजे प्रदूषणाला निर्दोष ठरवणे नव्हे. एक काल्पनिक उदाहरण घेतो. समजा एखाद्या देशात चाळिशीखालील व्यक्तींत १ टक्का आणि चाळिशीपुढील व्यक्तींत १० टक्के जणांना हा आजार आहे. चाळिशीपुढील लोकांचा वाटा २५ टक्के असेल, तर एकूण प्रमाण ३.२५ टक्के येते. आता कोणत्याही वयातला धोका तसूभरही न बदलता त्यांचा वाटा फक्त ३२ टक्के झाला, तर एकूण प्रमाण ३.८८ टक्के होते. बाहेरून पाहणाऱ्याला आजार फोफावला असे दिसेल, पण चाळिशीपुढच्या माणसाचा धोका दहा टक्केच आहे. भारतात साठीपुढील व्यक्तींचा वाटा १९९१ च्या जनगणनेत ७ टक्क्यांच्या आत होता, तो २०११ मध्ये ८.६ टक्के झाला. म्हणून वयानुरूप प्रमाणीकरण केलेले, म्हणजे लोकसंख्येची वयरचना सारखी धरून काढलेले, दरच पाहायला हवेत. त्या अभ्यासात तसे दर राज्यवार दिले आहेत, आणि कमी विकसित राज्यांच्या गटात ते सर्वांत जास्त आहेत.

आता आपण दिलेल्या टक्केवारीविषयी. ५३.७, २५.४ आणि १६.५ यांची बेरीज पंच्याण्णवच्या पुढे जाते, म्हणून वाचकाला वाटते की आजाराची फोड झाली आणि उरलेले चार टक्के तेवढे अज्ञात. हे आकडे तसे वाचायचे नसतात. चुलीसमोर बसून विडी ओढणाऱ्या आणि दिवसा दगडखाणीत काम करणाऱ्या माणसाचा आजार तिन्ही कारणांच्या खाती येऊ शकतो. प्रत्येक आकडा 'हे एक कारण नसते, तर किती हानी टळली असती' एवढेच सांगतो. तरीही त्यातून एक गोष्ट निर्विवाद दिसते, ती ही की भारतात या आजाराच्या कारणांत प्रदूषित हवा तंबाखूच्या पुढे आहे. आणि येथे हवा म्हणजे रस्त्यावरची जशी, तशीच स्वयंपाकघरातलीही.

त्याच अभ्यासातला आणखी एक आकडा मला 'दुप्पट'पेक्षा कितीतरी अधिक बोचतो, पण तो फारसा उद्धृत होत नाही. सीओपीडीच्या एका रुग्णामागे होणारी आरोग्यहानी भारतात जागतिक सरासरीच्या १.७ पट आहे. म्हणजे आपल्याकडे रुग्ण आहेत एवढेच नव्हे, तर ते अधिक गंभीर अवस्थेत जगतात आणि लवकर दगावतात. २०१६ मध्ये जगाच्या १८ टक्के लोकसंख्या असलेल्या या देशावर दीर्घकालीन श्वसनविकारांमुळे होणाऱ्या जागतिक हानीपैकी ३२ टक्के हानीचा भार होता. हवेसाठी, औषधांसाठी आणि वेळेवर निदानासाठी भांडायचे असेल, तर हा आकडा हाती घेऊन भांडावे असे माझे मत आहे, कारण त्याला 'माणसे म्हातारी झाली' हे उत्तर पुरत नाही.

उंबरठा

मी ग्रामीण भागात आरोग्यसेविका म्हणून काम केलेले आहे. आपण सर्वांनी लिहिलेले नीट समजून घेण्याचा प्रयत्न केला, आणि स्वयंपाकघराविषयी काही सांगावेसे वाटते.

उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी बलिया येथून सुरू झाली. म्हणजे ज्या वर्षी ही चर्चेतली आकडेवारी संपते, त्याच वर्षी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार स्वयंपाकासाठी स्वच्छ इंधन वापरणाऱ्या घरांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये ४३.८ टक्के होते, ते २०१९-२१ मध्ये ५८.६ टक्के झाले. ग्रामीण भागात मात्र ते तेव्हाही ४३.२ टक्केच होते. ही वाढ खरी आहे, मी ती घराघरांत पाहिली आहे. पण सर्वेक्षणात प्रश्न मुख्य इंधनाचा असतो. शेगडीवर चहा आणि भाजी होते, आणि भाकरी, आंघोळीचे पाणी, गुरांसाठी शिजवायचे ते सगळे चुलीवरच होते. सिलिंडर संपला की पुढचा येईपर्यंत पूर्ण स्वयंपाक पुन्हा चुलीवर येतो. 'तुमच्याकडे गॅस आहे का' या प्रश्नाला बाई 'हो' म्हणते, आणि ते खरेच असते.

अनेक घरांत मी चुलीमागची भिंत आणि वरचे वासे काजळीने इतके चकचकीत काळे झालेले पाहिले आहेत की बोट लावले तर तेलकट थर निघतो. त्या भिंतीसमोर सकाळ-संध्याकाळ दोन-दोन तास फुंकणी हातात घेऊन बसलेली बाई कधी दवाखान्यात येऊन 'मला धाप लागते' असे म्हणत नाही. ती म्हणते, 'आता पूर्वीसारखे काम होत नाही, वय झाले.' धाप लागू नये म्हणून तिने आधीच विहिरीवर जाणे सोडलेले असते, शेतात जाणे कमी केलेले असते, आणि कष्टच कमी झाल्यामुळे तिला त्रासही जाणवत नाही. ही बाई प्रश्नावलीतून तर निसटतेच. स्पायरोमेट्रीच्या शिबिरापर्यंतही ती येत नाही, कारण तिच्या मते तिला आजारच नाही. मोजमाप यांच्या आईंविषयी वाचताना मला अशा किती तरी जणी आठवल्या.

कालमापी

या संदर्भात माझी एक शंका आहे. जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार भारतात धूम्रपान करणाऱ्या प्रौढांचे प्रमाण २००९-१० मध्ये १४ टक्के होते, ते २०१६-१७ मध्ये १०.७ टक्क्यांवर आले. सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानावर २ ऑक्टोबर २००८ पासून बंदी आहे. स्वच्छ इंधनाचा वापरही वाढतो आहे. मग येत्या काही वर्षांत सीओपीडीचे प्रमाण खाली यायला हवे की नाही? आणि ते खाली आले नाही, तर हे सर्व प्रयत्न वाया गेले असे समजायचे का?

श्वासपथ

फार महत्त्वाची शंका आहे, म्हणून सविस्तर लिहितो. माणसाच्या फुप्फुसांची क्षमता साधारणपणे विशीच्या सुरुवातीला ते पंचविशीच्या सुमारास सर्वोच्च असते आणि तिथून हळूहळू उतरत जाते. निरोगी प्रौढात पहिल्या सेकंदात फुंकल्या जाणाऱ्या हवेत वर्षाला पंचवीस-तीस मिलिलिटरची घट होणे स्वाभाविक आहे. अमेरिकेतील 'लंग हेल्थ स्टडी'त अकरा वर्षांच्या पाठपुराव्यानंतर असे दिसले की ज्या पुरुषांनी धूम्रपान सोडले त्यांच्यात ही घट वर्षाला सुमारे ३० मिलिलिटर होती, आणि ज्यांनी चालू ठेवले त्यांच्यात सुमारे ६६. म्हणजे सोडल्यावर घसरणीचा वेग सावरतो, पण गमावलेली क्षमता परत मिळत नाही. पन्नाशीत विडी सोडलेला माणूस सत्तरीतही सीओपीडीच्या मोजणीत राहतोच, फरक इतकाच की तो सत्तरी गाठतो.

दुसरी बाजू याहून कमी बोलली जाते. 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये २०१५ साली आलेल्या एका विश्लेषणात असे दिसले की सीओपीडी झालेल्यांपैकी सुमारे निम्म्या व्यक्तींची फुप्फुसे तरुणपणीच पूर्ण क्षमतेला पोहोचलेली नव्हती. त्यांच्यातली घट सामान्य वेगाचीच होती, पण सुरुवातच खालून झाली होती. कमी वजनाचे जन्म, लहानपणीचे वारंवार न्यूमोनिया, धुराच्या घरातले बालपण, कुपोषण या सर्वांचा ठसा तिथे उमटतो. या अर्थाने आज साठीत असलेल्या भारतीयाच्या आजारात १९६० च्या दशकातील स्वयंपाकघराचा हात असू शकतो, आणि उज्ज्वलेनंतर जन्मलेल्या मुलीला तिचा लाभ झाला की नाही, हे आकड्यांत दिसायला आणखी चार दशके जावी लागतील.

शिवाय प्रमाण म्हणजे नवे रुग्ण आणि ते किती वर्षे जगतात यांचा गुणाकार. उपचार सुधारले, पंप वेळेवर मिळाले, लसीकरणामुळे हिवाळ्यातले झटके कमी झाले, तर रुग्ण जास्त जगतील आणि प्रमाण वाढेल. त्या वाढीला अपयश म्हणणे फार अन्यायाचे होईल. म्हणून आपल्या प्रश्नाचे माझे उत्तर असे आहे की येत्या दहा-पंधरा वर्षांत एकूण प्रमाण खाली येईल असे मला वाटत नाही, आणि तेवढ्यावरून प्रयत्न वाया गेले असे मी म्हणणार नाही. चाळीस ते पन्नास या वयोगटातले प्रमाण काय होते आहे, याकडे मी पाहीन, कारण बदल प्रथम तिथे दिसेल.

चीनमधील शुआनवे भागाचा अनुभव येथे सांगण्यासारखा आहे. तेथे घरात उघड्यावर कोळसा जाळत असत. धुराडे असलेल्या चुली आल्यानंतरच्या वर्षांत, त्या वापरणाऱ्या घरांतील स्त्री-पुरुषांमध्ये सीओपीडीचा धोका लक्षणीय कमी झाल्याचे २००५ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाले. धोका कमी होतो, पण त्याला वर्षे द्यावी लागतात.

पानगळ

एक मुद्दा अद्याप आला नाही, तो म्हणजे क्षयरोग. जगातील एकूण क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत. माझ्या वडिलांना तरुणपणी क्षय झाला होता, तो औषधांनी पूर्ण बरा झाला, पण फुप्फुसाच्या वरच्या भागात व्रण राहिले. पुढे त्यांना धाप लागू लागली, आणि स्पायरोमेट्रीत अडथळा दिसला म्हणून कागदावर सीओपीडी लिहिले गेले. अशा व्यक्ती या ५ कोटी ५३ लाखांत धरल्या जातात का?

श्वासपथ

फुंकण्याच्या आलेखावरून क्षयानंतरचा अडथळा आणि धुरामुळे आलेला अडथळा नेहमी वेगळे ओळखता येत नाहीत. स्पायरोमेट्रीच्या व्याख्येने मोजले, तर असे रुग्ण त्या संख्येत येतातच. त्यांना उपचार लागतातच, त्यामुळे संख्येत असण्याला माझी हरकत नाही. हरकत आहे ती प्रत्येक सर्वेक्षणात 'पूर्वी क्षय झाला होता का' हा प्रश्न विचारून उत्तर वेगळे मांडले जात नाही, याला. ज्या भागात क्षयरोग अधिक, तेथे सीओपीडी अधिक दिसला, तर दोष हवेला द्यायचा की जुन्या जंतूला, हे त्याशिवाय ठरणार नाही.

व्याख्येचा आणखी एक परिणाम वयाशी जोडलेला आहे. ७० टक्क्यांची सीमा सर्व वयांना सारखीच लावली जाते, पण हे गुणोत्तर निरोगी माणसातही वयानुसार घसरते. त्यामुळे पंच्याहत्तरीच्या काही धडधाकट व्यक्ती रुग्ण ठरतात आणि पस्तिशीतल्या काही खऱ्या रुग्णांचा आजार निसटतो. वयानुसार बदलणारी किमान सामान्य मर्यादा वापरण्याचा पर्याय आहे. दोन सर्वेक्षणांनी दोन वेगळ्या मर्यादा वापरल्या, तर तेवढ्यानेच प्रमाणात मोठा फरक पडतो.

निरभ्र

माझ्या आधीच्या प्रतिसादातील घाई आता माझ्या लक्षात आली आहे. तरीही विचारतो. प्रत्यक्ष मोजणी इतकी तुटपुंजी असेल, तर ५ कोटी ५३ लाख हा आकडा आला कुठून? मृत्यूच्या नोंदींवरून?

मोजमाप (धागालेखक)

अंशतः. देशात नोंद झालेल्या मृत्यूंपैकी जेमतेम पाचव्या भागालाच डॉक्टरने प्रमाणित केलेले मृत्यूचे कारण जोडलेले असते. बाकीच्यांसाठी नमुना नोंदणी पद्धतीत कर्मचारी घरी जाऊन नातेवाइकांशी बोलतात, शेवटच्या दिवसांतली लक्षणे लिहून घेतात, आणि त्यावरून डॉक्टर कारण ठरवतात. 'खूप धाप लागत होती, पायाला सूज होती' या वर्णनातून हृदयविकार आणि सीओपीडी वेगळे काढणे अवघड असते. रुग्णसंख्येसाठी उपलब्ध स्थानिक सर्वेक्षणे, त्यांतील व्याख्यांचा फरक, राज्यातील धूम्रपान, इंधन, हवेतील सूक्ष्म कण असे सारे एका गणिती प्रारूपात घालून प्रत्येक राज्याचा आणि वर्षाचा अंदाज काढला जातो. यात लबाडी काही नाही, अंदाजासोबत अनिश्चिततेची मर्यादाही दिलेली असते, ती बातमीत येत नाही एवढेच. परंतु याचा एक परिणाम लक्षात घ्यावा. ज्या राज्यात प्रत्यक्ष मोजणी नाही, तेथील अंदाज बऱ्याच अंशी तेथील धूर आणि तंबाखू पाहून केलेला असतो. मग तोच आकडा घेऊन 'पाहा, जिथे धूर जास्त तिथे आजार जास्त' असे म्हणणे म्हणजे जे गृहीत धरले तेच सिद्ध झाले असे मानणे होय.

चीनने काय केले, ते पाहण्यासारखे आहे. तेथे २००२ ते २००४ मध्ये झालेल्या स्पायरोमेट्री सर्वेक्षणात चाळिशीपुढील व्यक्तींत ८.२ टक्के प्रमाण आढळले होते, आणि २०१२ ते २०१५ मधील दुसऱ्या मोठ्या सर्वेक्षणात ते १३.७ टक्के निघाले. दोन्हींतले प्रांत वेगवेगळे असल्यामुळे ही तुलनाही सर्वस्वी निर्दोष नाही. पण दोन्ही वेळा माणसांना खरोखर फुंकायला लावले होते. आणि त्या दुसऱ्या सर्वेक्षणात आजार सापडलेल्यांपैकी आपल्याला तो आहे हे ठाऊक असलेले फक्त २.६ टक्के होते. स्वतः रुग्णालाच ठाऊक नसलेला आजार प्रश्न विचारून मोजता येत नाही, याचा याहून स्पष्ट पुरावा मला माहीत नाही. आपल्याकडे पंचेचाळिशीपुढील व्यक्ती आणि त्यांचे जोडीदार अशा ७२ हजारांहून अधिक जणांचा जो दीर्घकालीन राष्ट्रीय अभ्यास २०१७-१८ मध्ये सुरू झाला, त्यात श्वासक्षमता मोजण्याचाही समावेश होता, आणि त्याच व्यक्तींकडे पुन्हा जाण्याची त्याची आखणी आहे. माझी सर्वाधिक आशा त्यावर आहे.

उंबरठा

आमच्या जुन्या सहकारी एका गावात छोटे शिबिर घेण्याच्या विचारात आहेत, आणि हाताने धरायचे स्पायरोमीटर दोन दिवसांसाठी मिळणार आहे. साठ-सत्तर बायका येतील. इतक्या थोड्या संख्येतून देशाचे काही कळणार नाही हे मान्य आहे, पण नोंदी अशा ठेवायच्या आहेत की पाच वर्षांनी पुन्हा त्याच गावात गेलो, तर तुलना करता यावी. काय काय लिहून ठेवावे?

मोजमाप (धागालेखक)

वय शक्य तितके नेमके लिहावे, कारण अंदाजाने सगळ्यांची वये पन्नास, साठ, पासष्ट अशी पडतात आणि पुढचा सारा हिशेब त्यावरच बेततो. जन्मसाल माहीत नसेल, तर गावातल्या ठळक घटनेच्या किंवा स्वतःच्या लग्नाच्या आधारे काढावे. 'गॅस आहे का' हे न विचारता 'काल चूल किती वेळ पेटली होती' असे विचारावे, आणि आयुष्यातली एकूण किती वर्षे चुलीपुढे गेली तेही. पूर्वीचा क्षयरोग, विडी किंवा तपकिरीची सवय, खाणीत वा गिरणीत केलेले काम यांची नोंद असावी. ज्या बायका बोलावूनही आल्या नाहीत, त्यांची वये आणि न येण्याचे कारणही टिपून ठेवावे, कारण आपण वर्णन केलेली बाई बहुधा त्यांच्यातच असेल.

श्वासपथ

यंत्राचे नाव, त्या दिवशी ते तपासून घेतले होते की नाही, आणि कोणत्या मानकाशी तुलना केली हेही लिहावे. पंपाची सोय झाली नाही तरी शिबिर रद्द करू नये, पण औषध न देता घेतलेल्या आकड्यांवर तसे स्पष्ट लिहावे आणि त्यावरून कोणाला सीओपीडी झाला असे सांगू नये, पुढील तपासणीसाठी पाठवावे. ज्यांचे फुंकणे नीट जमले नाही, त्यांचे आलेख फेकून न देता 'अपूर्ण' असा शेरा मारून ठेवावेत. आणि गुणोत्तर तेवढे न उतरवता लिटरमधले दोन्ही आकडे उतरवून घ्यावेत, म्हणजे पाच वर्षांनी व्याख्या बदललेली असली तरी त्याच नोंदींवरून नव्याने मोजता येईल.